उम्सिनचा पडताळा

"हे कुठं खुपसायचं म्हणता?" फोटोच्या दुकानातल्या बाईनं फ्लॉपी दोन बोटांत धरून उलटसुलट केली. "माझ्या कॉम्प्युटरला असली फटच नाही."

"नीट बघा ना. खाली, डाव्या हाताला. जुन्या डब्यांना असायची."

"हा जुना नाही, आपा. मागच्याच वर्षी घेतलाय."

"मग आतल्या खोलीत? एखादा जुना पडलेला?"

"आतल्या खोलीत माझा नवरा पडलेला असतो. दुसरं जुनं सामान नाही."

पासपोर्टच्या फोटोसाठी केस विंचरत बसलेली एक मुलगी खुदकन हसली. उम्सिनला काही हसू आलं नाही. तिनं फ्लॉपी परत घेतली, रुमालात गुंडाळली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि बाहेरून खिसा दाबून पाहिला. साडेअकरा झाले होते. संध्याकाळी सहाला सगळं बंद होणार होतं, आणि हे चौथं ठिकाण होतं. दवाखान्यात रिसेप्शनवालीनं तिला रक्ताच्या रिपोर्टची खिडकी दाखवली. वाचनालयात कॉम्प्युटर होता, पण फ्लॉपीची जागा पत्र्यानं बुजवलेली. संगीतशाळेत, जिथं ती स्वतः गेली सतरा वर्षं मुलांचे कोट आणि टोप्या सांभाळत होती, तिथल्या हिशेबनीसबाई म्हणाल्या, "उम्सिन, तू आज रजेवर आहेस ना? मग घरी बैस की गप."

घरी गप बसणं आज जमण्यासारखं नव्हतं. ती रस्त्यावर आली. सरोवरावरून वारा सुटला होता. मार्च संपत आला तरी बर्फ अजून काठाला धरून होता आणि कारखान्याचा धूर आडवा होऊन सगळ्या बल्खाश गावावर पसरला होता. उम्सिननं डोक्याचा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधला आणि उगाचच दहा पावलं डावीकडे, दहा उजवीकडे चालली. कुठं जावं? या अख्ख्या गावात फ्लॉपी वाचणारं आणि इंटरनेट असलेलं एक यंत्र नसावं?

होतं, मुखितकडे. पण मुखित फेब्रुवारीत गेला. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या मुलानं त्याचं ते नवं यंत्र गाडीत घालून अल्माटीला नेलं.

मुखित आणि उम्सिन कारखान्याच्या गणनकेंद्रात होते. म्हणजे खनिजाचे नमुने यायचे, प्रयोगशाळेचे आकडे यायचे, मुखित ते यंत्रात भरायचा, आणि मग तेच सगळे आकडे मूळ कागदावरून उम्सिन पुन्हा भरायची. पडताळणीस, हा तिचा हुद्दा. दोन्ही जुळले तरच आकडा वर जायचा. एकवीस वर्षं तिनं दुसऱ्याचं काम दुसऱ्यांदा केलं, आणि त्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. उलट मुखितला ती तोंडावर सांगायची, "तू भरलेला आकडा म्हणजे नुसती अफवा. मी भरल्यावर तो खरा." मुखित हसायचा. घाईचा माणूस. महिन्यातून दोनदा तरी चुकायचा आणि उम्सिननं पकडल्यावर तिला गाजराचं सॅलड आणून द्यायचा, बाजारातल्या कोरियन बाईच्या हातचं, तिखटजाळ.

सत्त्याण्णव साली केंद्र बंद पडलं. यंत्रं अंगणात बर्फात फेकलेली. मुखितनं त्यातली दोन घसरगाडीवर घालून ओढत आणली, एक स्वतःला, एक हिला. "काय करू मी याचं?" उम्सिननं विचारलं. "ठेव गं. माणसं गेली, निदान यंत्रं तरी राहू दे," तो म्हणाला. बरीच वर्षं त्यावर तिनं फुलदाणी ठेवली होती. मग अकरा वर्षांमागं मुखित धापा टाकत जिने चढून आला. कुठल्या तरी लांबच्या विद्यापीठानं आकाशातल्या दगडांचे मार्ग मोजायला काढले होते, पुढच्या दोनशे वर्षांत कोणता दगड कुठून जाईल ते. काम अफाट, म्हणून जगभरच्या लोकांच्या घरच्या यंत्रांना एकेक दगड वाटून देत होते. आणि त्यातही एक गट असा होता, की ज्यांची यंत्रं पंच्याण्णवच्या आधीची तेच त्यात. कुणी तोम्स्कचा, कुणी ब्रनोचा, सगळे आपापली खटारी चालवणारे. त्यांच्यासाठी मुद्दाम जुन्या धाटणीचा छोटा प्रोग्राम ठेवला होता.

"आणि ऐक," मुखित म्हणाला होता, "प्रत्येक दगड दोन घरी देतात. दोन्ही उत्तरं जुळली तरच मोजला. एकच आलं तर कचऱ्यात. बघ! सगळ्या जगाला आता कळलं, तू काय करायचीस ते."

तेवढ्या वाक्यावर उम्सिननं फुलदाणी उचलली.

तिच्या यंत्राला एक दगड मोजायला तीन महिने लागत, मुखितच्या थोड्या वेगवान यंत्राला दीड. उत्तर निघालं की ती फ्लॉपीवर घेऊन मुखितकडे जायची आणि तो आपल्या दुसऱ्या, नव्या यंत्रावरून पाठवायचा. आणि या डिसेंबरात, माणसं गळत गळत गट संपत आला होता म्हणून असेल, शेवटचा दगड नेमका या दोघांच्या वाट्याला आला. जोडीदार म्हणून एकमेकांची नावं! अकरा वर्षांत पहिल्यांदा. मुखितनं फोनवर आरोळीच ठोकली. त्यानं आपलं उत्तर चार फेब्रुवारीला पाठवलं आणि सहाला हृदय बंद पडून गेला. उम्सिनच्या यंत्राचं उत्तर काल निघालं. विद्यापीठाकडचा पैसा संपला होता, आज प्रकल्पच बंद होत होता. तिचं पोचलं नाही, तर मुखितचा शेवटचा दगड न मोजलेला राहणार, कचऱ्यात जाणार. सगळं एवढंच होतं. पण सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

पानपट्टीएवढ्या किराणा दुकानासमोर उभी असताना तिला एकदम फेरूझा आठवली. शाळांचे बिल्ले, लग्नात घालायचे लांब झगे म्हणजे चपान, सगळं यंत्रावर भरतकाम करून देणारी. ते भरतकामाचं यंत्र नक्षी कशातून घेतं? फ्लॉपीतून! उम्सिन जवळजवळ धावतच सुटली.

सांस्कृतिक भवनाच्या तळघरात फेरूझा सोनेरी दोऱ्यांच्या ढिगात बसली होती. रमजान चालू होता, तिचा रोजा होता, आणि रोजा असला की ती जरा तोडूनच बोलायची.

"आपा, उद्या लग्न आहे, सात चपान राहिलेत. पटकन सांगा."

उम्सिननं पटकन सांगितलं. म्हणजे तिला वाटलं पटकन. फेरूझानं तीन वेळा सुई थांबवली.

"म्हणजे तुमचं यंत्र तीन महिने चालतं, एका दगडासाठी?"

"हो."

"आणि माझा लॅपटॉप किती वेळात करेल?"

"तीन मिनिटांत," उम्सिन म्हणाली. खोटं कशाला बोलायचं?

फेरूझानं डोकं हलवलं, ड्रॉवर उघडला आणि वायर लावलेला, चपटा, काळा फ्लॉपीचा डबा बाहेर काढला. "नक्षी भरायला ठेवलाय. आणा इकडं तुमचा दगड."

उम्सिनला तिच्या गालाचा मुका घ्यावासा वाटला. लॅपटॉपवर प्रकल्पाचं पान उघडलं. पत्ता आणि परवलीचा शब्द मुखितच्या अक्षरातल्या चिठ्ठीवर होता. जानेवारीत त्यानं लिहून दिली होती, जणू आपण नसणार हे ठाऊक असल्यासारखी. खाली जाड रेघ मारून: २९ मार्च, संध्याकाळी सहापर्यंत. मग दार बंद. पानावर मुखितच्या नावापुढं लिहिलेलं होतं: दुसऱ्या उत्तराची वाट पाहत आहे.

"बघ, वाट बघतंय," उम्सिन पुटपुटली.

फ्लॉपी आत गेली. डबा घरघरला. थांबला. पुन्हा घरघरला. मग कडकड असा आवाज आला आणि लॅपटॉप म्हणाला, वाचता येत नाही. फेरूझानं काढून फुंकर मारली, पुन्हा घातली. वाचता येत नाही. उम्सिननं स्वतः घातली. तेच.

"मेली," फेरूझा म्हणाली.

"एकच केलीस का गं बाई, एकच केलीस का!" उम्सिन स्वतःच्याच कपाळावर मारून घेत होती. "पंचवीस वर्षांची फ्लॉपी आणि एकच प्रत!"

"घरी आहे ना उत्तर?"

"यंत्रात आहे."

"मग जा. दुसरी करून आणा. मी सहापर्यंत इथंच मरतेय, या चपानांपायी."

बस वीस मिनिटांनी आली आणि प्रत्येक थांब्यावर पेंगली. घरी पोचेपर्यंत सव्वा वाजला. कोट न काढताच उम्सिननं पलंगाखालून फ्लॉप्यांचा बूट-खोका ओढला. अकरा होत्या. एकेक घालून पुसायला घेतली, तर पहिली खराब, दुसरी खराब, तिसरीत अर्ध्यावर यंत्रच रडायला लागलं. तिनं झाकण उघडलं, काडीला कापूस गुंडाळला, कपाटातल्या वोडकात बुडवला आणि फ्लॉपी वाचणारं आतलं डोकं पुसलं. अकरा वर्षं हे मुखित करायचा. उभं राहावं तर बसावंसं वाटे, बसावं तर उठावंसं. ती खिडकीपाशी जाई, परत येई, पडद्यावरचे टक्के बघे, पुन्हा खिडकीपाशी जाई.

मध्येच अस्तानाहून सामालचा, मुलीचा, फोन आला.

"आई, आवाज असा का? आजारी आहेस?"

"आजारी नाही. कामात आहे. सहाच्या आत पाठवायचंय."

"ते दगड? आई! अगं, मुखितआगा गेले. आता कुणाला पाठवतेस? कोण बघणारे ते?"

"कुणी नाही."

"मग?"

"मग काय? कुणी बघणार नाही म्हणून अर्धं टाकू? तो माणूस आयुष्यभर चुकायचा आणि मी धरायचे. आता या वेळी तो बरोबर होता की चूक ते मी नाही सांगितलं, तर दुसरं कोण सांगणार? कुणाला ठाऊक तरी आहे का, तो काय करायचा ते?" तिचा आवाज फाटला. "मला त्याची आठवण येते गं. एवढंच. ठेव फोन."

सामालनं लगेच ठेवला नाही. "जेवलीस का?" तिनं हळू विचारलं.

"जेवेन."

चारपर्यंत तीन फ्लॉप्या स्वच्छ निघाल्या. तिन्हींवर तिनं उत्तर घेतलं, तिन्ही काढून पुन्हा वाचून पाहिल्या. वाचल्या! उम्सिनला एकाएकी हलकं वाटलं. घड्याळात चार वाजून दहा. दोन तास जवळजवळ. तिनं कोट काढला, चहा केला, दूध घातलं, कालचे दोन बाउरसाक, कणकेचे तळलेले गोळे, त्यात बुडवून खाल्ले. इतका चांगला चहा महिनाभरात झाला नव्हता. जिन्यात शेजारच्या इदा गेन्रिखोव्हनानं गाठलं, पाइपाच्या गळतीचं सांगत बसली, तर उम्सिननं तेही सगळं ऐकून घेतलं.

फेरूझाच्या तळघरात ती उतरली तेव्हा पाच वाजून दहा झाले होते.

"आलात? रंग बरा दिसतोय."

"तीन आणल्यात," उम्सिननं पत्त्यांसारख्या पसरून दाखवल्या. "आणि पन्नास मिनिटं हातात."

डबा एकदाच घरघरला आणि फाइल दिसली. फेरूझानं पान पुन्हा उघडलं. ते उघडलं, पण तिथं ना नावं होती, ना पाठवायची जागा. पांढऱ्या पडद्यावर चारच ओळी होत्या. प्रकल्प समाप्त झाला आहे. अकरा वर्षे साथ देणाऱ्या सर्वांचे आभार.

"असं कसं?" उम्सिन म्हणाली. "सहा कुठं झालेत? चुकलंय त्यांचं. परत उघड."

फेरूझानं परत उघडलं. परत. मग खालची बारीक ओळ वाचली. "दहा मिनिटांपूर्वी बंद केलंय, आपा. बरोबर पाचला."

"सहाला होतं! हे बघ लिहिलंय. सहा!"

फेरूझानं चिठ्ठी घेतली. "कधी लिहिली ही?"

"जानेवारीत."

फेरूझानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, आणि तेवढ्यात उम्सिनलाही कळलं. एक मार्चला सरकारनं अख्ख्या देशाचं घड्याळ एक केलं. बल्खाशचे काटे तासभर मागं गेले. गावात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता, संगीतशाळेत मुलं तासभर आधी येऊन दारं बडवत होती. विद्यापीठाचं घड्याळ तिथंच राहिलं. मुखितनं लिहिलं तेव्हा ते आपले सहाच होते. आता ते पाच झाले होते, आणि चिठ्ठीत दुरुस्ती करायला मुखित नव्हता.

"मी तपासलं नाही," उम्सिन म्हणाली. "एकवीस वर्षं त्याचा एक आकडा तसा सोडला नाही. आणि हा एवढा एक, हा सहा... हा मी तसाच धरला गं." ती सोनेरी दोऱ्यांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसली आणि हमसून हमसून रडली. "चहा पीत बसले मी. बाउरसाक खात बसले!"

फेरूझानं चपान बाजूला ठेवला. स्वतःचा रोजा असूनही पाण्याचा ग्लास भरून तिच्यापुढं धरला. "लिहून बघू त्यांना?" ती म्हणाली. लिहिलंही. उत्तर येणार नाही हे दोघींनाही माहीत होतं.

बाहेर आल्यावर उम्सिन बसच्या थांब्यापर्यंत गेली, तिची बस आली, आणि तिनं ती जाऊ दिली. मग ती उलट्या दिशेनं, मुखितच्या घराकडं चालायला लागली. तिथं जायचं तिच्या जिवावर येई. मुखितची बायको बाल्झान त्याच्या जुन्या यंत्राला सवत म्हणायची, आणि हसत हसत असेल, पण उम्सिनलाही कधी कधी म्हणायची.

दार उघडून बाल्झाननं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय गं? तोंड का असं? ये. रोजा सोडायला दहा मिनिटं आहेत. खजूर मांडलेत."

"बाल्झान, मी उशीर केला," उम्सिननं उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. दगड, जोडी, फ्लॉपी, चहा, घड्याळ. "त्याचं शेवटचं होतं. माझ्यामुळं वाया गेलं."

बाल्झान ऐकत होती. मग म्हणाली, "ते अजून चालूच आहे."

"काय?"

"ती माझी सवत. बाल्कनीत. बंद कशी करायची ते त्यानं मला कधी सांगितलंच नाही. मीही हात लावला नाही. रात्री हूं हूं करत असते. शाल टाकलीय तिच्यावर."

काचा लावलेल्या बाल्कनीत, लोणच्याच्या बरण्यांच्या मध्ये, मुखितचं दगड मोजणारं जुनं यंत्र शालीखाली गरम होतं. उम्सिन त्याच्यासमोर उभी राहिली. तिच्या खिशात फ्लॉपी होती आणि या यंत्राला फट होती. तिनं घातली. क्षणात तिचं उत्तर पडद्यावर आलं, एकाखाली एक अठ्ठेचाळीस ओळी.

"त्याचंही यातच असेल," ती म्हणाली. "सांगितलं तर यंत्र एका सेकंदात जुळवून देईल."

"यंत्र कशाला? त्यानं लिहून ठेवलंय की." बाल्झाननं बरण्यांमागून एक जाड वही ओढली. "सगळे दगड हातानं उतरवायचा, वेडा. म्हणायचा, विजेचा काय भरवसा."

शेवटचं लिहिलेलं पान तिनं उघडलं. तारीख चार फेब्रुवारी. उम्सिननं वहीकडं मुद्दाम पाहिलं नाही. "तू वाच," ती म्हणाली. "सावकाश. एकेक अंक. मी इथं बघते."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं नाहीच. नुसतं वाचायचं."

बाल्झान वाचू लागली. सुरुवातीला शाळेतल्यासारखं, अडखळत, मग सूर लागला. सात, शून्य, चार, चार, नऊ. उम्सिनचं बोट पडद्यावर ओळीमागं ओळ सरकत होतं. हूं. हूं. पुढं. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी फोनवर अजान झाली. उम्सिन थांबली. "जा, पाणी पी आधी. दिवसभराची उपाशी आहेस."

"राहू दे. कुठली ओळ होती? अठरा." आणि ती पुढं वाचत राहिली.

एकतिसाव्या ओळीला ती म्हणाली, "तीन, एक, आठ."

उम्सिनचं बोट थांबलं. पडद्यावर तीन, सात, आठ होतं. चुकला! शेवटी चुकलाच. सांगावं का, सात असेल बघ? पण पडताळणारीनं आकडा सांगायचा नसतो. सांगितला की समोरच्याला तोच दिसायला लागतो.

"पुन्हा वाच."

"तीन, एक, आठ."

"पुन्हा. उजेडात धरून."

बाल्झाननं तिच्याकडं पाहिलं. मग आत जाऊन मुखितचा चष्मा घेऊन आली, नाकावर चढवला, वही दिव्याखाली धरली. एक मिनिट गेलं. "थांब," ती म्हणाली. "वर बारीक फाटा आहे. इथं. शाई पुरली नाही मेल्याची. सात आहे. तीन, सात, आठ."

"पुढं," उम्सिन म्हणाली.

अठ्ठेचाळिसावी ओळ संपली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं.

"मग?" बाल्झाननं विचारलं.

"बरोबर आहे. सगळं."

"एकही चूक नाही?"

"एकही नाही."

"आणि तो दगड? कुणाच्या डोक्यावर पडणारे का?"

"नाही. लांबून जाईल."

बाल्झाननं मान हलवली आणि चष्मा काढला. मग वही तिच्यापुढं केली. पानाच्या तळाशी मुखितनं आखलं होतं: मोजलं, आणि त्यापुढं त्याची सही. पडताळलं, आणि पुढं रिकामी जागा. उम्सिननं मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं. अकरा वर्षांच्या प्रत्येक पानावर तशीच जागा होती. कधी एका शब्दानं बोलला नव्हता.

"बघत काय बसलीस?" बाल्झान म्हणाली. "कर की सही."

उम्सिननं शेवटच्या पानावर सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. शाई वाळेपर्यंत बाल्झाननं वही उघडीच धरून ठेवली. मग ती आत गेली, दिवाणखान्यातलं काचेचं कपाट उघडलं, चांगल्या कपांपैकी दोन बाहेर काढले आणि त्यांच्या जागी वही ठेवली.